यील्ड कुठं जातंय, ते आधी शोध

पत्र: मी बार्शीजवळच्या एका गावातली. बीएस्सीला केमिस्ट्रीत चांगले गुण होते, म्हणून एमएस्सी ऑरगॅनिकला प्रवेश घेतला. पहिलं सत्र अर्ध्यावर आलंय आणि मी घाबरले आहे. रात्री जागून नोट्स पाठ करते, पण स्पेक्ट्रोस्कोपीचा (स्पेक्ट्रमवरून रेणूची रचना ओळखण्याचा) प्रॉब्लेम समोर आला की पेन पुढे सरकत नाही. ग्रुप थिअरी, म्हणजे रेणूंच्या सममितीचं गणित, डोक्यावरून जाते. प्रॅक्टिकलला माझं यील्ड (मिळायला हवा त्यातला प्रत्यक्ष मिळालेला माल) कधीच ४५ टक्क्यांच्या वर जात नाही. ॲसिटॅनिलाइडला तर ४० टक्केच आलं आणि सर सगळ्यांसमोर बोलले. बरोबरच्या मुली आत्तापासून नेटचा (प्राध्यापकी आणि संशोधन फेलोशिपसाठीच्या परीक्षेचा) क्लास लावताहेत. त्याची फी आमच्या घराला झेपणारी नाही, तरी कर्ज काढून लावू का? मला हा विषय सोडायचा नाही.

उत्तर: क्लासचं आधी सांगून टाकतो. कर्ज काढून लावू नकोस, निदान या वर्षी तरी नाही. त्याची कारणं तुझ्या बाकीच्या प्रश्नांच्या उत्तरांतूनच निघतील, म्हणून आधी ते प्रश्न घेऊ. सुरुवात यील्डपासून, कारण त्यात नशिबाचा भाग फार थोडा असतो. हरवलेला प्रत्येक ग्रॅम कुठेतरी गेलेला असतो आणि तो बहुतेक वेळा हिशोबाने सापडतो.

ॲसिटॅनिलाइडच घे, ते ॲनिलिन आणि ॲसिटिक ॲनहायड्राइडपासून बनतं. ॲनिलिन ५ मिली घेतलंस असं धरू. घनता १.०२, म्हणजे ५.१ ग्रॅम. रेणुभार ९३.१, म्हणजे ५४.८ मिलिमोल. ॲसिटिक ॲनहायड्राइड तेवढ्याच मोलसाठी ५.२ मिली लागतं आणि आपण सहाएक मिली घालतो, म्हणून मर्यादा ॲनिलिनची, आधी तेच संपतं. ॲसिटॅनिलाइडचा रेणुभार १३५.२, तेव्हा सैद्धांतिक यील्ड ७.४ ग्रॅम. हा आकडा प्रयोगाला हात लावण्याआधी वहीत हवा. नंतर काढला तर तो फक्त शेरा ठरतो, त्याचा उपयोग होत नाही.

आता पाणी बघ. १ ग्रॅम ॲसिटॅनिलाइड विरघळायला उकळतं पाणी सुमारे २० मिली लागतं आणि साध्या तापमानाचं सुमारे १८५ मिली. म्हणजे ७.४ ग्रॅमसाठी उकळतं पाणी १५० मिली पुरतं आणि थंड झाल्यावर त्यातलं ०.८ ग्रॅम पाण्यातच राहतं. हा ११ टक्के तोटा कुणालाच पूर्ण टळत नाही. पण तू मोठ्या बीकरमध्ये अंदाजाने ४०० मिली पाणी घेतलं असशील, तर २.१ ग्रॅमहून जास्त, म्हणजे २९ टक्के माल गाळलेल्या पाण्याबरोबर सिंकमध्ये गेला. वर बुकनर फनेलवर साध्या पाण्याने १०० मिली धुतलंस की आणखी अर्धा ग्रॅम. तुझ्या हरवलेल्या ६० टक्क्यांपैकी ३६ टक्के इथेच सापडले. रिॲक्शन बहुधा ठीक झाली होती.

इतकं पाणी घातलं का जातं, तेही समजून घे. ॲसिटॅनिलाइडचा वितळणबिंदू ११४ अंश असला, तरी पाण्याच्या सहवासात ते ८३ अंशांच्या आसपासच तेलासारखं वितळतं. उकळत्या बीकरच्या तळाशी तेलकट थेंब दिसले की मुलं दोनपैकी एक चूक करतात. काहीजण अशुद्धी समजून ते गाळून टाकतात, म्हणजे मालच टाकून देतात. काहीजण घाबरून भसकन पाणी ओततात. बरोबर रीत अशी: पाणी उकळतं ठेवून ५-५ मिली गरम पाणी घालत जा, प्रत्येक वेळी ढवळ आणि शेवटचा थेंब नाहीसा झाला की थांब. वर ५-१० मिली घाल, गाळताना फनेलमध्येच स्फटिक धरू नयेत म्हणून. तेल तसंच ठेवून थंड केलंस, तर त्याचा गोळा होतो आणि अशुद्धी आत अडकून बसते. मग वितळणबिंदू १०५ ते ११० असा पसरट येतो.

रंग घालवायला चारकोल घालायचा तर वजनाच्या १ ते २ टक्केच, म्हणजे इथे साधारण ०.१ ग्रॅम, आणि आच बंद करून, द्रावण जरा निवल्यावर. उकळत्या द्रावणात टाकला की सगळं उफाळून बाहेर येतं. जास्त टाकला तर तो रंगाबरोबर मालही शोषतो. गरम गाळण्यासाठी आखूड देठाचं फनेल आणि घड्या घातलेला फिल्टर पेपर घे, दोन्हीवरून आधी उकळतं पाणी जाऊ दे. द्रावण आपोआप निवू दे, मग १५ मिनिटं बर्फात ठेव. धुवायला बर्फाचं पाणी, ५-५ मिली दोनदा, बस्स. गाळलेलं पाणी लगेच ओतून देऊ नकोस. आटवून तिसऱ्या हिश्श्यावर आण आणि पुन्हा थंड कर. दुसरा घास, म्हणजे पाण्यात राहिलेल्या मालाचा आणखी थोडा वाटा, निघेल. तो पहिल्यात मिसळायचा नाही; वेगळा वाळवायचा, वेगळा वितळणबिंदू घ्यायचा.

सुरुवातीच्या मालाकडेही लक्ष दे. ॲनिलिन जुनं, काळपट तांबूस असेल तर ते हवेने ऑक्सिडाइझ झालेलं असतं. तुझ्या ५ मिलीमध्ये खरं ॲनिलिन किती, हे मग कुणीच सांगू शकत नाही. चिमूटभर झिंक पावडर टाकून उकळणं किंवा डिस्टिल केलेलं ॲनिलिन मागून घेणं, हा त्यावर उपाय. हातमोजे विसरायचे नाहीत. ॲनिलिन कातडीतून शरीरात जातं आणि रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी करतं.

रिॲक्शन पूर्ण झाली का, ते टीएलसीवर (सिलिकाच्या पातळ थराच्या प्लेटवर पदार्थ वेगळे करून) बघ, घड्याळावर नाही. प्लेटवर तीन ठिपके शेजारी शेजारी: ॲनिलिन, रिॲक्शन मिक्श्चर आणि मधल्या ठिपक्यात दोन्ही एकावर एक. ठिपके खालच्या कडेपासून १ सेंमीवर आणि सॉल्व्हंटची पातळी त्याच्या खाली, नाहीतर ठिपके सॉल्व्हंटमध्येच धुऊन जातात. ॲनिलिन सिलिकावर शेपूट काढतं. सॉल्व्हंटमध्ये १ टक्का ट्रायएथिलअमाइन घातलं की ठिपका गोल येतो. आणि वजन करण्याआधी माल रात्रभर वाळू दे, दोन वेळा वजन करून तोच आकडा आला तरच लिही. तुझ्या शेजारच्या टेबलावर कुणाचं ९८ टक्के येत असेल, तर त्यात बहुतेक पाणी मोजलेलं आहे.

पुढच्या प्रॅक्टिकलपासून वहीत चार आकडे सवयीने लिही: सैद्धांतिक, कच्चा माल, शुद्ध माल, दुसरा घास. सरांना ते दाखव. ४५ टक्के आणि त्याचा हिशोब समोर ठेवणाऱ्या मुलीशी शिक्षक वेगळं बोलतात.

आता स्पेक्ट्रोस्कोपी. तू नोट्स पाठ करतेस, म्हणजे आकड्यांचे तक्ते पाठ करतेस. परीक्षेत मात्र तक्ता विचारत नाहीत, शोध घ्यायला लावतात. एक प्रॉब्लेम पूर्ण सोडवू, तू पेन घेऊन बरोबर चाल.

दिलेलं असं आहे: ९ कार्बन, ११ हायड्रोजन, १ नायट्रोजन, २ ऑक्सिजन. आयआरमध्ये (इन्फ्रारेड स्पेक्ट्रममध्ये) ३४२० आणि ३३४० ला दोन टोकं, १६८५ ला जोरदार शोषण. प्रोटॉन एनएमआरमध्ये (हायड्रोजनची जागा दाखवणाऱ्या स्पेक्ट्रममध्ये) ७.८६ (डब्लेट, २ प्रोटॉन), ६.६४ (डब्लेट, २), ४.३१ (क्वार्टेट, २), ४.० च्या आसपास पसरट (२), १.३६ (ट्रिप्लेट, ३). मासमध्ये (रेणू आणि त्याच्या तुकड्यांची वजनं दाखवणाऱ्या स्पेक्ट्रममध्ये) १६५, १२० आणि ९२.

पहिलं काम असंपृक्ततेचा आकडा, म्हणजे रिंग आणि दुहेरी बंध मिळून किती: कार्बन ९, उणे हायड्रोजनचे निम्मे ५.५, अधिक नायट्रोजनचा अर्धा, अधिक १. उत्तर ५. बेंझीनच्या रिंगने ४ खाल्ले, उरला १ आणि तो १६८५ च्या कार्बोनिलचा. आता पुढे रिंग किंवा दुहेरी बंध सुचला तर तो खोडून टाकायचा, जागाच उरलेली नाही. मास १६५ विषम आहे, नायट्रोजन एकच आहे, जुळलं. प्रोटॉनांची बेरीज २, २, २, २, ३ मिळून ११, तीही जुळली. ही बेरीज न करता पुढे जायचं नाही.

दोन डब्लेट, प्रत्येकी दोन प्रोटॉन: पॅरा जागी दोन वेगळे गट. ७.३ च्या खाली ६.६४ ला सरकलेले प्रोटॉन इलेक्ट्रॉन देणाऱ्या गटाशेजारचे, ७.८६ चे कार्बोनिलशेजारचे. क्वार्टेट आणि ट्रिप्लेट म्हणजे एथिल. आणि इथेच खरा सापळा आहे. एथिलचा सीएच२ ४.३ ला आहे, म्हणजे तो ऑक्सिजनवर बसलाय. कार्बोनिलच्या कार्बनवर असता तर २.३ ते ३ च्या दरम्यान दिसला असता. अर्ध्या वर्गाचं उत्तर याच टप्प्यावर उलटं होतं.

आता दोन उमेदवार उरतात, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. एक, एथिल ४-अमिनोबेंझोएट. दुसरा, ४-एथॉक्सीबेंझमाइड. दोघांचं सूत्र एकच, दोघांत पॅरा रिंग, दोघांत ऑक्सिजनवर एथिल, दोघांत एनएच२. निवाडा मास करतो. १६५ मधून ४५ गेले की १२०. ४५ म्हणजे एथॉक्सी, आणि तो असा सहज सुटतो तो एस्टरच्या कार्बोनिलवरून. मागे जो ॲसिलियम आयन राहतो, तो आणखी २८ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड टाकून ९२ ला येतो. अमाइड असतं तर १६ चा गट जाऊन १४९ दिसलं असतं. शिवाय अमाइडचे एनएच प्रोटॉन साधारण ६ च्या आसपास पसरतात, इथे ते ४.० ला आहेत. तेव्हा उत्तर एथिल ४-अमिनोबेंझोएट, म्हणजेच बेंझोकेन. एस्टर असून कार्बोनिल १७३५ ऐवजी १६८५ ला का? रिंगशी संयुग्मन आहे आणि समोरच्या टोकाचा एनएच२ रिंगमधून इलेक्ट्रॉन ढकलतोय, त्यामुळे कार्बोनिलचा दुहेरी बंध थोडा ढिला पडतो. ही ओळ तुला सुचली तर आयआर तुला येतं.

असा एक प्रॉब्लेम रोज, उत्तर झाकून, २५ मिनिटं. अडलं तरी उत्तर बघायचं नाही, कुठे अडलं ते समासात लिहायचं. आठवड्यातून एकदा उलटा खेळ: एखादं साधं संयुग घ्यायचं, त्याचा प्रोटॉन आणि कार्बन स्पेक्ट्रम स्वतः आखायचा आणि मग जपानच्या एसडीबीएस या मोफत साठ्यात खरा स्पेक्ट्रम उघडून ताडून बघायचा. त्यात सॉल्व्हंटचे पाहुणे ओळखायला शिक: ड्युटेरेटेड क्लोरोफॉर्मचा उरलेला प्रोटॉन ७.२६ ला, त्याचा कार्बन ७७ ला तीन समान उंचीच्या रेषांत, डीएमएसओ २.५० आणि ३९.५ ला, डीएमएसओमधलं पाणी ३.३३ ला. परीक्षेत या रेषांना संयुगात बसवायला जाऊन चांगली मुलं गुण घालवतात.

मेकॅनिझम पाठ होत असतील, पण नवी रिॲक्शन आली की सुचत नसेल, तर त्याचं कारण बहुधा पीकेए, म्हणजे आम्लाची ताकद सांगणारा आकडा (लहान आकडा, जास्त ताकद). एका पुठ्ठ्यावर एवढेच आकडे लिहून टेबलासमोर लाव: कार्बोक्झिलिक ॲसिड ४.८, ॲसिटिलॲसिटोन ९, फिनॉल १०, एथिल ॲसिटोॲसिटेट ११, डायएथिल मॅलोनेट १३, एथेनॉल १६, साध्या कीटोनचा अल्फा हायड्रोजन २०, एथिल ॲसिटेट २५, डायआयसोप्रोपिलअमाइन ३६. आता बघ: मॅलोनेटला सोडियम एथॉक्साइड पुरतं, कारण १३ आणि १६ मध्ये हजारपटींचा फरक आहे आणि समतोल हवा तिकडे झुकतो. कीटोनवर तेच एथॉक्साइड वापरलं तर दहा हजारांत एखादाच रेणू एनोलेट होतो, शेजारी भरपूर कीटोन उरतं, म्हणून अल्डॉल होतं. सगळं कीटोन एनोलेट करून मग अल्किलेशन करायचं असेल तर ३६ वालं एलडीए (डायआयसोप्रोपिलअमाइनपासूनचा अल्कली) आणि उणे ७८ अंश. तीन वेगवेगळ्या नोट्समधली तीन पानं तीन आकड्यांवर आली. बाण काढताना दोन गोष्टींवर स्वतःला अडव: बाण इलेक्ट्रॉनच्या जोडीपासून निघतो, धन प्रभारापासून कधीच नाही, आणि आम्लात चालणाऱ्या रिॲक्शनमध्ये अल्कॉक्साइड आयन लिहायचा नाही, तसंच अल्कलीत प्रोटॉन चिकटलेला कार्बोनिल लिहायचा नाही.

ग्रुप थिअरी डोक्यावरून जाते, कारण ती वाचून कळत नाही. कणकेचे गोळे आणि काडेपेटीच्या काड्या घे. पाणी, अमोनिया, बोरॉन ट्रायफ्लोराइड, ॲलीन, ट्विस्ट केलेलं इथेन अशी मॉडेलं कर आणि अक्ष हाताने फिरवून शोध. ॲलीनचा सममिती-गट मुलं सी२व्ही म्हणतात, कारण कागदावर त्याचे आडवे दोन सी२ अक्ष (ज्यांभोवती अर्धा फेरा फिरवलं तरी रेणू तसाच दिसतो) दिसत नाहीत. हातात धरून फिरवलं की दिसतात आणि उत्तर डी२डी येतं. पुढचं सगळं गणित एका छोट्या यादीवर चालतं: जागेवरून न हललेल्या प्रत्येक अणूमागे आयडेंटिटीला (काहीच न हलवण्याला) ३, सी२ ला उणे १, सी३ ला ०, सी४ ला १, आरशाला १, इन्व्हर्जनला उणे ३, एस४ ला उणे १. पाण्याचा रेणू वायझेड प्रतलात ठेव. आयडेंटिटीला ३ अणू जागेवर, म्हणून ९. सी२ ला फक्त ऑक्सिजन जागेवर, म्हणून उणे १ (इथे उणे ३ लिहिणं ही नेहमीची चूक). एक्सझेड आरशाला १, वायझेड आरशाला ३. ए१ (सममितीच्या एका प्रकाराचं नाव) साठी बेरीज ९, उणे १, अधिक १, अधिक ३, म्हणजे १२, भागिले ४, उत्तर ३. बाकीचं असंच काढलं की ३ए१, १ए२, २बी१, ३बी२ येतं. त्यातून तीन स्थानांतरणं आणि तीन परिभ्रमणं वजा केलीस की कंपनं २ए१ आणि १बी२ उरतात. हे एकदा न अडखळता जमलं की अमोनिया स्वतः कर. पेपरात येणारे बहुतेक प्रश्न एवढ्याच वाटेने जातात.

फिजिकलबद्दल तू काही विचारलं नाहीस, तरी एक सांगतो. क्वांटम शिकताना प्रत्येक सूत्रात एकदा तरी खरे आकडे घाल. ब्युटाडाईनचे ४ पाय इलेक्ट्रॉन ५.७८ अँगस्ट्रॉमच्या पेटीत ठेव, दुसऱ्या पातळीवरून तिसरीवर उडी, तरंगलांबी २२० नॅनोमीटर येते. प्रत्यक्षात ब्युटाडाईन २१७ ला शोषतं. इतक्या साध्या पेटीतून इतकं जवळचं उत्तर येतं हे स्वतःच्या हाताने पाहिलंस की श्रोडिंगरचं समीकरण परकं वाटणार नाही.

आता नेट. सीएसआयआरच्या केमिकल सायन्सेसचा पेपर २०० गुणांचा, तीन तासांचा. भाग अ मध्ये २० पैकी १५ प्रश्न, भाग ब मध्ये ४० पैकी ३५, दोन्हीकडे प्रत्येकी २ गुण. भाग क मध्ये ६० पैकी फक्त २५ सोडवायचे, प्रत्येकी ४ गुण, म्हणजे निम्मा पेपर इथेच. चुकलं की पाव हिस्सा कापला जातो, भाग क मध्ये पूर्ण १ गुण. भाग क मध्ये वर केलेल्यासारखेच शोध असतात: चार टप्प्यांच्या रिॲक्शनचं शेवटचं उत्पादन, स्पेक्ट्रमवरून रचना, रिप्रेझेंटेशनचे तुकडे. पाया नसताना क्लास लावला तर तिथेही नोट्सच मिळतील आणि नोट्स तुझ्याकडे आधीच आहेत. एनपीटीईएल या ऑनलाइन मंचावरची व्याख्यानं आणि ई-पीजी पाठशाळेतले धडे मोफत आहेत. मागचे पेपरही विनाखर्च मिळतात. या सत्रापासून जो विषय वर्गात संपेल, त्याचे मागच्या पाच वर्षांचे नेटमधले प्रश्न त्याच आठवड्यात सोडव. दुसऱ्या वर्षी, कुठला भाग अजून कच्चा आहे हे नेमकं माहीत झाल्यावर, हवा तर त्या भागापुरता क्लास शोध.

गेट ही दुसरी राष्ट्रीय परीक्षा तुला पहिल्या वर्षीही देता येते आणि गुणांक तीन वर्षं चालतो. सरावासाठी ती चांगली आहे, कारण आकडा लिहायच्या प्रश्नांना उणे गुण नसतात. प्राध्यापकीचा विचार असेल तर महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षाही ध्यानात ठेव, तिच्यात उणे गुण अजिबात नाहीत. पण सेटवर संशोधनाची फेलोशिप मिळत नाही, ती नेट-जेआरएफला मिळते. २०२३ पासून ती महिना ३७,००० रुपये आहे. पीएचडी घरावर ओझं न टाकता करायची असेल तर तुझ्यासाठी हाच रस्ता धरण्यासारखा आहे.

आणखी एक काम याच महिन्यात कर. नव्या अभ्यासक्रमात दुसऱ्या सत्रात ओजेटी (कंपनीत जाऊन प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण) असेल, तर कॉलेज पाठवेल तिकडे जाण्याची वाट बघू नकोस. आधीच सरांना विचार की कुरकुंभ, महाड, लोटे किंवा तारापूरच्या कुठल्या कंपनीत आपल्या विभागाचे जुने विद्यार्थी आहेत. क्वालिटी कंट्रोलमध्ये जागा मिळाली तर पहिल्याच दिवशी एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) बसवा असा आग्रह धर, नुसतं बाजूला उभं राहून बघू नकोस. मोबाइल फेज (यंत्रातून वाहणारं द्रावण) स्वतः बनव, फिल्टर कर, डीगॅस कर, एकाच नमुन्याची सहा इंजेक्शनं देऊन क्षेत्रफळांचा आरएसडी, म्हणजे आकड्यांत टक्केवारीने किती फरक पडतो ते, काढ. अर्जाबरोबर प्रॅक्टिकलच्या वहीची ती चार आकड्यांची पानं जोड.